हलगीचा श्रमांक

"बंद कर ते गाणं! हजारदा सांगितलं, रियाज करायचा नाही म्हणून. परीक्षा तोंडावर आली आणि हा दिवटा तान पक्की करत बसलाय!"

समोरच्या फ्लॅटमधून मोहितेवहिनींचा आवाज जिन्यापर्यंत आला. पाठोपाठ धपाटा आणि पोराचं मुसमुसणं. दाराशी बूट काढता काढता रणजित वायदंडे थांबला. मोहित्यांच्या विराजचा गळा गोड होता, हे सगळ्या बिल्डिंगला ठाऊक होतं. एके काळी आया पोरांना रियाजाला बसवण्यासाठी मारायच्या, आता रियाजावरून उठवण्यासाठी मारतात. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, दुसरं काय म्हणायचं याला!

गणपती करायला निघालेली माणसं मात्र खरंच भली होती, एवढं त्यांच्या पदरात टाकलं पाहिजे. झालं होतं असं की, निबंध यंत्र लिहू लागलं, चित्र यंत्र काढू लागलं, गणित तर ते कधीपासूनच सोडवत होतं. शाळेत येणारं प्रत्येक काम सुबक, बिनचूक आणि कुणी केलं ते न कळणारं. ज्याच्या बापाकडे महागाचं यंत्र, त्याच्या पोराची वही पहिली. मग गुण द्यायचे कशाला आणि कुणाला? तेव्हा जाणत्या मंडळींनी ठरवलं की आता निकाल बघायचाच नाही. त्या कामासाठी माणसानं किती कष्ट घेतले, तेवढंच बघायचं. आणि कष्ट मोजण्यासाठी श्रमपट्टी आली.

पट्टी साधीच. कपाळाला बांधायची, दोन बोटं रुंद. तिच्यातून डोळ्यांना न दिसणारा तांबड्याच्या पलीकडचा प्रकाश निघतो, कवटी ओलांडून थोडा आत शिरतो आणि परत फिरतो. परत येताना तो निरोप आणतो की मेंदूच्या पुढच्या भागात रक्तानं किती प्राणवायू पोचवलाय. हा पुढचा भाग म्हणजे मेंदूतला मुकादम. काही अवघड समोर आलं, काही अडलं, की तो कंबर कसतो आणि प्राणवायू मागतो. मागणी जितकी जास्त तितका श्रमांक जास्त, शंभरापैकी. तिथे वशिला चालत नाही, घोकून आणलेलं चालत नाही, यंत्राकडून करून आणलेलं तर मुळीच चालत नाही.

रणजितला ही योजना पहिल्या दिवसापासून आवडली होती. तो इलेक्ट्रिक बसच्या चार्जिंग डेपोत वायरमन होता. गावकुसाबाहेरच्या घरातून कोल्हापुरातल्या या दोन खोल्यांच्या फ्लॅटपर्यंत तो कष्टाच्या जोरावर आला होता, दुसरं कसलंही भांडवल त्याच्यापाशी नव्हतं. सरकार एकदाचं कष्टाला गुण देतंय, म्हणजे न्याय झाला, असं तो डेपोत चहा पिताना सगळ्यांना सांगायचा.

पण आपले लोक! कायदा आला की त्याच्या आधी पळवाट तयार. दोन-तीन वर्षांतच पालकांच्या ध्यानात आलं की पोरगं जितका सराव करतं, तितका त्याचा श्रमांक घसरतो. पहिल्या महिन्यात तबल्यावर ऐंशी मिळवणारा मुलगा तिसऱ्या वर्षी तिसावर येतो. का येतो, हे कुणी विचारलं नाही. येतो ना, मग सराव बंद! गल्लोगल्ली 'नवखे क्लासेस' निघाले. तिथे पंधरा दिवस तबला, पंधरा दिवस व्हायोलिन, पुढे बासरी, पोराला काही येऊ लागतंय असं दिसलं की लगेच वाद्य बदल. एका क्लासच्या पाटीवर तर लिहिलं होतं, 'आमच्याकडे सराव झालेला विद्यार्थी दाखवा आणि फी परत न्या.' लोक रांगा लावून पैसे भरत होते.

रणजित घरात आला तर सानिका खिडकीशी उभी होती. ती त्याची एकुलती एक मुलगी, बारावी झालेली. हातात फोन. चेहरा असा की त्यानं पाणीसुद्धा मागितलं नाही.

"लागला निकाल?"

"लागला." तिनं फोन त्याच्याकडे दिला. "सात."

"सात? शंभरात?"

त्यानं वाचलं. वाद्य, हलगी. वादनाचा दर्जा, उत्कृष्ट. श्रमांक, सात. खाली शेरा होता. 'कौशल्य वारशाने लाभलेले. स्वतःचे कष्ट आढळत नाहीत. कला गटातून अपात्र.'

पुण्यातल्या एका संस्थेत ध्वनिशास्त्राचं शिक्षण मिळायचं. सभागृहात आवाज कसा फिरतो, वाद्याचं कातडं कसं थरथरतं, हे सगळं शिकवणारं. सानिकाला तेच शिकायचं होतं आणि तिथल्या कला गटातल्या मोजक्या जागांसाठी श्रमांक साठाच्या वर लागायचा. तेवढ्यासाठी तिनं हलगीची परीक्षा दिली होती, आणि बापाला ते आदल्या दिवशी सांगितलं होतं. रणजित त्यावर काही बोलला नव्हता. हलगीचं नाव निघालं की तो बोलतच नसे.

त्याच्या आजानं हलगी वाजवली होती आणि बापानंही. जत्रेत, कुस्तीच्या मैदानात, कुणाच्या मयतीपुढे. देवळाच्या पायरीखाली उभं राहून वाजवायची आणि पायरीखालीच पानावर वाढलेलं खायचं. रणजित सहावीत असताना गॅदरिंगला गुरुजींनी सगळ्यांसमोर त्याच्या हातात हलगी दिली होती. "वाजव की रे, लाजतोस काय? तुझ्या रक्तातच आहे ती." त्यानं कधी हात लावला नव्हता. दोन वेडेवाकडे ठोके पडले आणि सगळा मांडव हसला. त्या दिवसापासून त्यानं ते वाद्य घरात येऊ दिलं नव्हतं. सानिका शाळेतल्या खेळाच्या बाई, जरीना मुजावर, यांच्या पथकात वाजवते, हे त्याला माहीत होतं. पण तो ऐकायला कधीही गेला नव्हता.

आणि आता हे. वारशाने लाभलेले!

"कोण लिहितंय हे?" तो एवढ्या जोरात ओरडला की स्वयंपाकघरातून त्याची बायको संगीता हातात उलथनं घेऊनच बाहेर आली. "कोण हाय तो? मी न्हाई शिकवलं हिला. हिच्या आज्यानं न्हाई शिकवलं, तो ही जन्मायच्या आधीच गेला. मग वारसा पोस्टानं आला व्हय?"

"अहो, हळू बोला," संगीता म्हणाली. "सुनावणी मागता येतीया म्हणं. मुजावर मॅडमचा फोन आलता. त्या गावाला हायत, पालकांना जावं लागंल म्हणाल्या."

"जातो. मी जातो. बघतोच."

सानिका त्याच्याकडे बघत राहिली. हलगीच्या कामासाठी बाप कुठे जाईल, हे तिला स्वप्नातही वाटलं नसावं.

*

परीक्षा मंडळाच्या कार्यालयाचा लांबलचक बोळ पोरांनी भरला होता. प्रत्येकाच्या कपाळाला पट्टी, मांडीवर काहीतरी वाद्य, आणि शेजारी बसलेल्या आईबापांचं एकच, "हात लावू नको. सवय होईल." एका बाईनं तर मुलीची दोन्ही मनगटं धरून ठेवली होती. एवढी वाद्यं एका ठिकाणी, आणि बोळात चिडीचूप. रणजितला ते बघून कसंतरीच झालं.

आत दोघं होती. अध्यक्ष गुळवणी साहेब, पांढऱ्या मिशांचे, बोलायला अगदी मऊ. आणि पट्टीच्या यंत्रापाशी देवयानी शिंत्रे नावाची तिशीची इंजिनियर, जी सारखी पडद्याकडे बघत होती.

"बसा वायदंडे. बस गं बाळ." गुळवणींनी स्वतः खुर्ची ओढून दिली. "मी तुझं वादन ऐकलं हो. काय वाजवतेस! अंगावर काटा आला माझ्या."

"मग सात का, सर?" सानिकानं विचारलं.

"अगं, वाजवणं वेगळं आणि कष्ट वेगळे. आम्ही कष्टाला गुण देतो. तू वाजवत असताना पट्टीनं काय पाहिलं? काहीच नाही. सगळं शांत. जणू तू खिडकीत उभी राहून रस्ता बघतेयस. याचा अर्थ काय? याचा अर्थ तुला हे जन्मतःच मिळालंय." ते रणजितकडे वळले, आणि त्यांच्या आवाजात खरंखुरं कौतुक होतं, त्यामुळे ते जास्तच झोंबलं. "तुम्हा लोकांच्या रक्तातच आहे हो ही कला. आम्ही जन्मभर घासली तरी येणार नाही. आता जे फुकट मिळालं त्याला गुण दिले, तर जी पोरं धडपडतात त्यांच्यावर अन्याय नाही का?"

रणजितच्या कानशिलांतून वाफा निघायला लागल्या. शिव्या दिल्या असत्या तरी बरं होतं. शिवीला उलटी शिवी देता येते. या गोड बोलण्याला काय देणार?

"मी एक सुचवू?" गुळवणी सानिकाकडे झुकले. "हे मी बोललो असं बाहेर सांगू नकोस. हलगी उलट्या हातांनी वाजव. जाड टिपरू डाव्या हातात घे, बारीक काडी उजव्या. होईल वेडंवाकडं, होऊ दे. पट्टी साठाच्या वर जाईल, मी लगेच पात्र लिहीन. बरेच जण करतात."

सानिकानं मान खाली घातली. "सर, मला दोन्ही हातांनी येतं."

"म्हणजे?"

"मुजावर मॅडमनी तसंच शिकवलंय. मैदानात दोन दोन तास वाजवावं लागतं, एक हात दमला की दुसरा. उलटं वाजवलं तरी साताचे फार तर नऊ होतील."

"मग मुद्दाम चुकव की जरा! नाटक कर!"

"चुकवायचं ठरवलं की हातच थांबतो, सर. करून बघितलं मी पथकात."

गुळवणींनी कपाळावर हात मारला. "हे बघा वायदंडे, आता याला मी तरी काय करू? रक्ताचा गुण आहे, तो काय पुसून टाकता येतो?"

"साहेब," रणजित उठला. "रक्तात असंल तर ते माझ्याकडनंच हिच्यात आलं असणार. व्हय का न्हाई?"

"अर्थात."

"मग बांधा ती पट्टी माझ्या डोक्याला."

सानिका चमकून उभी राहिली. "पप्पा, नको."

"गप बस. पथकातनं आणलीस ती हलगी दे हिकडं."

देवयानीनं गुळवणींकडे बघितलं. गुळवणी हसले. त्यांना वाटलं, बरं आहे, आता याला आपोआप पटेल. पट्टी बांधली गेली. सानिकानं हलगी बापाच्या हातात दिली आणि ती कशी धरायची ते हळूच दाखवलं, कारण त्यानं ती उलटीच धरली होती. सहावीतल्या त्या दिवसानंतर रणजित पहिल्यांदा त्या वाद्याला शिवत होता.

त्यानं टिपरू हाणलं. ते कातड्यावर न बसता लोखंडी कड्यावर बसलं. बारीक काडी हातातून निसटली, ती त्यानं वाकून उचलली. पुन्हा हाणलं. धड ना ताल, धड ना ठोका, चाळीवरच्या पत्र्यावर माकडं नाचावीत तसा आवाज. तो दात खाऊन वाजवत होता, मानेच्या शिरा फुगल्या होत्या. मांडव पुन्हा हसत असल्यासारखं वाटलं, तरी तो थांबला नाही. शेवटी देवयानीनंच हात वर केला. "पुरे. आला आकडा."

"किती?"

देवयानीनं पडदा त्यांच्याकडे वळवला. तिलाही तो वाचून दाखवायची लाज वाटत असावी. श्रमांक, सत्त्याण्णव. वादनाचा दर्जा, अतिसामान्य. खाली यंत्रानं आपणहून शेरा लिहिला होता. 'वारसा आढळत नाही. कष्ट असामान्य. कला गटासाठी पात्र. शिफारस, उदयोन्मुख वादक.'



"मी उदयोन्मुख," रणजित म्हणाला. "मला वारसा न्हाई. माझ्या बापानं आणि आज्यानं जन्मभर वाजवली, आणि मला वारसा न्हाई. आणि माझ्या पोरीला हाय. मग मला सांगा साहेब, तिला तो कुणाकडनं आला?"

गुळवणींनी पडदा स्वतःकडे वळवून शेरा पुन्हा वाचला.

"तिला जी शिकवतीया त्या मुजावर बाई. त्यांच्या घरात सात पिढ्यांत कुणी हलगी धरली न्हाई. त्यांना कुणाच्या रक्तातनं आली? रक्तात काय असतंय तर ते रक्तच असतंय साहेब. बाकी सगळं बाहेरनं, मेहनतीनं भरावं लागतंय. आमचं ढोरागत राबणं तुमच्या लोकांनी कधी मेहनत म्हणून धरलंच न्हाई. चांगलं वाजवलं तर रक्त, आणि वाईट वाजवलं तरी आमचंच रक्त. आता तेच सांगायला यंत्र आणलंय."

"वायदंडे, तुम्ही भलताच अर्थ काढताय. मॅडम, तुम्ही सांगा यांना. यंत्र चुकत नाही ना?"

देवयानीनं पेन खाली ठेवलं. "नाही सर. यंत्र चुकत नाही."

"बघा!"

"आपण चुकतोय." ती हळू बोलत होती, पण थांबली नाही. "पट्टी कष्ट मोजतच नाही. ती चाचपडणं मोजते. माणूस नवीन काही शिकतो तेव्हा मेंदूचा पुढचा भाग प्रत्येक हालचालीवर देखरेख ठेवतो. तुम्ही पहिल्यांदा गाडी शिकलात तेव्हा आठवा, क्लच, ब्रेक, आरसा, सगळं एकदम, घाम फुटायचा. मग रोज चालवून चालवून ते काम मेंदूच्या आतल्या, मागच्या भागांकडे जातं. ते भाग थोडक्या प्राणवायूत, न बोलता काम करतात. पुढचा भाग मोकळा होतो. आता तुम्ही गाडी चालवता चालवता माझ्याशी गप्पा मारता. म्हणून गाडी काय तुमच्या रक्तात होती का सर?"

"पण मग..."

"मग हिचा सात म्हणजे हिनं इतके कष्ट केलेत की आता ते दिसायचे राहिलेत. ज्यानं जास्त घासलं, त्याचा आकडा कमी. आपण वर्षानुवर्षं घासणाऱ्या पोरांना शिक्षा देतोय आणि न घासणाऱ्यांना बक्षीस."

"हे तुम्हाला केव्हापासून माहीत आहे?" रणजितनं विचारलं.

देवयानी लाल झाली. "पट्टी बनवणाऱ्या सगळ्यांनाच पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पहिल्या वर्षी सगळी पोरं नवीनच होती, त्यामुळे काही बिघडलं नाही. नंतर कुणी विचारलं नाही. आम्हीही बोललो नाही."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. आणि फाशीचा दोर वळणारे शहाणे लोक म्हणे गप्प होते! रणजितला त्या खोलीतली एक एक खुर्ची उचलून आपटावीशी वाटली.

गुळवणींनी घसा साफ केला. आता ते नियमांच्या आडोशाला गेले. "ठीक आहे. तात्त्विक चर्चा झाली. पण मला नियमानं चालावं लागतं. श्रमांक कमी असेल तर कष्टांचा प्रत्यक्ष पुरावा दिला पाहिजे, अशी तरतूद आहे. पथकाच्या बाईंचं चालणार नाही, त्या हितसंबंधी आहेत. घरचा माणूस, ज्यानं रोज डोळ्यांनी पाहिलंय, त्याची साक्ष लागते." त्यांनी रणजितकडे रोखून बघितलं. "तुम्ही पाहिलंय का हिला सराव करताना? कधी, कुठे, कसा? सांगा, मी लिहून घेतो."

रणजित उभाच होता. इतका वेळ शब्द कसे तोंडाला येत होते. आता सानिका त्याच्याकडे बघत होती आणि त्याला काहीच आठवेना. तो कधीही ऐकायला गेला नव्हता. तिच्या पथकात किती मुली आहेत हेही त्याला माहीत नव्हतं.

"नाही ना पाहिलंत?" गुळवणी सौम्यपणे म्हणाले आणि त्यांनी पेनचं टोपण लावायला घेतलं.

"थांबा," रणजित म्हणाला. "लिहा. ही लहान होती तेव्हा जेवताना ताटाच्या कडेवर बोटं वाजवायची. मी ताट ओढून घ्यायचो."

गुळवणींनी मान वर केली.

"मग ती मांडीवर वाजवायला लागली. मांडीचा आवाज येत न्हाई न्हवं. पण मला दिसायचं. मी बोटांवर पट्टी मारायचो, फूटपट्टी. मग ती खिडकीच्या गजावर, बसच्या सीटवर, दळणाच्या डब्यावर. तापानं फणफणली होती, तरी उशीवर बोटं चालूच. मी हिच्या आईला म्हणालो, हिची बोटं बांधून ठेव. एकदा हिच्या दप्तरात टिपरू सापडलं, ते मी मोडलं. दुसऱ्या आठवड्यात दुसरं आलं, तेबी मोडलं. किती मोडली मला आठवत न्हाई, पण दरवेळी नवं यायचं. पहाटे न्हाणीघरात नळ सोडायची, त्या आवाजाखाली बादली पालथी घालून वाजवायची. मला वाटायचं, पाणी किती नासते ही! मी नळच बंद करायचो बाहेरनं."

सानिकानं तोंडावर हात धरला होता.

"तुमच्या यंत्रानं हिला एकदा बघितलं साहेब. मी रोज बघत होतो. हिचे कष्ट मला दिसत होते म्हणूनच तर मी चिडत होतो. जे रक्तातच असतंय त्याला एवढं लपून घासावं लागतंय व्हय? हिचा सराव थांबवायला मी जेवढी मेहनत घेतली, त्याच्या दुप्पट मेहनत हिनं तो चालू ठेवायला घेतलीय. माझ्यापेक्षा मोठा साक्षीदार तुम्हाला कुठला मिळणार? लिहा. सगळं लिहा. खाली माझं नाव घाला."

गुळवणींनी लिहिलं. बराच वेळ लिहीत होते. देवयानीनं न मागता त्याखाली आपलं चार ओळींचं मत घातलं आणि सही केली. तिची नोकरी त्या सहीनं धोक्यात येणार, हे तिथल्या सगळ्यांना कळत होतं.

"हे मी वर पाठवतो," गुळवणी म्हणाले. आता त्यांच्या आवाजातला तो गोडवा गेला होता, नुसता थकवा उरला होता. "पण मी खोटं सांगत नाही. निर्णय यायला वर्ष जाईल. पुण्याच्या जागांची यादी सोमवारी लागते. यंदा काही होणार नाही."

"म्हणजे जागा गेली," सानिका म्हणाली.

"यंदाची गेली."

तिनं हलगी पिशवीत घातली, बापाच्या कपाळावरची पट्टी सोडली आणि टेबलावर ठेवली. "चला पप्पा."

दोघं बोळात आली. दोन्ही बाजूंना तीच पोरं, त्याच पट्ट्या, मांड्यांवर मुकी पडलेली तीच वाद्यं. दाराशीच एक मुलगा पेटी घेऊन बसला होता. त्याची बोटं पेटीच्या पट्ट्यांच्या वर एक इंच अंतरावर नुसतीच चालत होती, हवेतच, आईला कळू नये म्हणून. सूर एकही उमटत नव्हता, पण बोटं बिनचूक पडत होती, हे रणजितसारख्या अडाण्यालाही दिसलं. आईनं ते पाहिलं आणि फटकन त्याच्या हातावर मारलं.

ती चापट आपल्याच हाताची आहे, असं त्याला वाटलं. तो बोळाच्या मधोमध उभा राहिला.

"सानिका, पिशवीतनं काढ ती."

"काय?"

"हलगी काढ."

"इथं? पप्पा, लोक बसलेत. साहेब बाहेर येतील."

"येऊ देत. मी अजून ऐकली न्हाई तुझी. एकदाबी न्हाई." तो बोळातल्या पोरांकडे वळला. "पोरांनो, त्या पट्ट्या काढा डोक्याच्या. आणि हिचे हात बघा. असे हात जन्मतः कुणाला मिळत न्हाईत."

सानिकानं हलगी खांद्याशी टेकवली. टिपरू उचललं आणि क्षणभर थांबली, सवयीनं, बापाच्या चेहऱ्याकडे बघत, की आता ओरडतो की मग.

रणजित ओरडलाच, सगळा बोळ दणाणून जाईल असा.

"वाजव!"